मीटर पाव तास मागे आहे

आमच्या घरात नक्की किती वाजलेत हे कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते थेट माझं लग्न.

आम्ही जोगेश्वरी पूर्वेला चौथ्या मजल्यावर राहतो. आम्ही म्हणजे आई, बाबा आणि छत्तीस वर्षांचा मी, मंगेश. हॉलच्या भिंतीवर एक घड्याळ आहे आणि ते पाव तास पुढे आहे. बिघडलेलं नाही, आईने मुद्दाम पुढे लावलेलं आहे. मी शाळेत असताना गणपतीला गावी जायची आमची एसटी आमच्या डोळ्यांदेखत सुटली, कारण बाबा ऐन वेळी बिस्किटांचे पुडे आणायला गेले होते. आई स्टँडवर एक शब्द बोलली नाही. घरी आली, स्टूल ओढलं, वर चढली आणि घड्याळाचा काटा पुढे सरकवला. तो काटा तेव्हापासून पुढेच आहे.

आता घड्याळ पुढे आहे हे ज्याला माहीत आहे त्याला त्याचा उपयोग काय? काही नाही. मी रोज सकाळी दात घासत घड्याळाकडे बघतो, मनातल्या मनात पाव तास वजा करतो आणि आरामात आंघोळीला जातो. आईही वजा करते. इतकी वर्षं झाली की आपण वजाबाकी करतोय हेच आम्ही विसरून गेलोय. गंमत म्हणजे बाबा मात्र वजा करत नाहीत. घड्याळ कधीतरी पुढे लावलं होतं हे ते दोन-चार महिन्यांत साफ विसरले, आणि आम्हीही घरात शांतता राहावी म्हणून आठवण करून दिली नाही. ते रोज सकाळी हातातलं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवतात आणि उरलेली मुंबई उशिरा चालते असं समजतात. नोकरीत होते तेव्हा प्रिंटिंग प्रेसमध्ये रोज सगळ्यांच्या आधी पोचायचे. त्याचा त्यांना आजही केवढा अभिमान! (टीव्हीवर बातम्यांच्या कोपऱ्यात वेळ दिसते, ती आमच्या घड्याळाच्या मागे असते. बाबांचं म्हणणं, केबलमधून यायला वेळ लागतो. आणि त्यांच्या बटणांच्या मोबाइलवर विकत घेतल्यापासून बारा वाजलेले आहेत.)

असा सगळा सुखाचा संसार चालला होता, तेवढ्यात वीज कंपनीने बिल्डिंगमध्ये नवे मीटर बसवले. या मीटरच्या पोटात घड्याळ असतं. का, तर दिवसा नऊ ते पाच वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग, म्हणून कुठली वीज कधी वापरली हे मीटरला कळायला हवं. निवृत्त माणसाला अशी माहिती देणं म्हणजे घराची वाट लावणं आहे. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे वॉशिंग मशीन, मिक्सर, एसी, पाणी तापवायचा गिझर, सगळं नऊ ते पाच. मी नऊच्या आत ऑफिसला निघतो, तेव्हा मी थंड पाण्याने आंघोळ करायची हे ओघानेच आलं. पाच वाजले की बाबा मनगटाकडे बघत घरभर फिरायचे आणि एकेक बटण बंद करत जायचे. एकदा आईची चटणी अर्धी वाटून व्हायची होती. त्या दिवशी आम्ही अख्ख्या मिरच्यांची चटणी खाल्ली.

मग एक दिवस बाबा जिन्याखालच्या मीटरच्या खोलीतून धापा टाकत वर आले. मीटरवरचं बटण दाबत राहिलं की आकड्यांच्या मागोमाग तारीख येते आणि तारखेमागून वेळ येते, हा शोध त्यांना लागला होता. आणि मोठं घबाड हाती लागल्यासारखं ते म्हणाले, "मंग्या, मीटर पाव तास मागे आहे."

खरं तर इथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. पाव तास! अरे, हा पाव तास तर मी लहानपणापासून रोज वजा करत आलोय. पण नाही वाजली. मी लॅपटॉपवर होतो, कानात हेडफोन होते, समोर साहेब बोलत होता. मी म्हटलं करतो तक्रार, आणि तिथल्या तिथे केलीसुद्धा. मीटरची वेळ चुकीची आहे, त्यामुळे ग्राहकावर अन्याय होत आहे, वगैरे कडक भाषेत. वर बाबांना म्हणालो, बघा, काम असं करायचं.

शनिवारी दुपारी कंपनीचा माणूस आला. घाईत होता, त्याला अजून बरीच घरं करायची होती. एरवी म्हणे मीटरची वेळ वरून आपोआप जुळते, पण आमच्या जिन्याखाली रेंज नाही. त्यामुळे त्याने हातातलं यंत्र आणलं होतं. त्याची वायर मीटरला चिकटवायची, यंत्रातली वेळ मीटरमध्ये उतरवायची, झालं. पण यंत्राची बॅटरी वाटेतच उतरली होती. बाबांनी वरून एक्स्टेंशनची वायर सोडून ती चार्ज करून दिली (पाचच्या आत), तर चालू झाल्यावर ते यंत्र स्वतःच तारीख आणि वेळ विचारायला लागलं. माणसाच्या एका हातात यंत्र, दुसऱ्या हाताने वायर धरून ठेवलेली, कारण ती चिकटत नव्हती. खोलीतला दिवा गेलेला. तो म्हणाला, "टाइम बोला."

बाबांनी मनगट पुढे केलं आणि खणखणीत आवाजात वेळ सांगितली. त्याने ती यंत्रात घातली, यंत्राने मीटरमध्ये घातली. मीटर आणि बाबांचं घड्याळ मिनिटाला मिनिट जुळलं. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या माणसाला चहाला वर नेलं. मी त्या वेळी तिथेच होतो. मी टॉर्च धरून उभा होतो. माझ्या मोबाइलचा टॉर्च. म्हणजे त्या अंधाऱ्या खोलीत खरी वेळ दाखवणारी जी एकमेव वस्तू होती, तिचं तोंड मी भिंतीकडे करून उभा होतो.

आता पल्लवीकडे येतो. माझं लग्न जमत नाही ही आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टइतकी जुनी तक्रार आहे. कुणाला माझं टक्कल आवडत नाही, कुणाला वन बीएचके आवडत नाही, एकीला तर माझी आई आवडली आणि मी आवडलो नाही. पल्लवीचं तसं नव्हतं. ती घाटकोपरची, तिथल्याच एका शाळेत शिक्षिका. आम्ही मेट्रो स्टेशनजवळ कॉफी प्यायला भेटलो आणि कॉफी संपली तरी उठलो नाही. मी टोपी घालून गेलो होतो. तिने पहिल्यांदा काय केलं, तर टोपी काढायला लावली आणि म्हणाली, बरा दिसतोस की. माझ्या आयुष्यात मला असं कुणी म्हटलेलं नाही. आईसुद्धा नाही.

निघताना ती म्हणाली, "घरी बघायला येऊ तेव्हा बाकी सगळं मी सांभाळते. तू फक्त वेळ सांभाळ. माझे बाबा वेळेच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत."

तिचे बाबा म्हणजे तांबेकाका, विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. गेटवर कामगार कार्ड पंच करायचे आणि ज्याला उशीर झाला त्याला लेटमार्क. तो लेटमार्क देणारा माणूस म्हणजे तांबेकाका. स्वतः आयुष्यात एकदाही उशिरा पोचलेले नाहीत. आमचं स्थळ त्यांना पसंत पडलं तेही माझ्या नोकरीमुळे. मी एका बँकेच्या सर्व्हरवर काम करतो, आणि सगळ्या सर्व्हरची वेळ एकमेकांशी जुळलेली आहे ना हे बघणं माझ्या कामात येतं. बायोडाटात हे वाचून ते पल्लवीला म्हणाले होते, मुलगा आपल्या लाइनीतला आहे.

मी घरी येऊन आईबाबांना समोर बसवलं. रविवारी साडेचारला माणसं येणार, आणि साडेचार म्हणजे साडेचार. बाकी काही चुकलं तरी चालेल, वेळ चुकता कामा नये. मला ही मुलगी मनापासून आवडलीय, एवढंही सांगून टाकलं. बाबा म्हणाले, वेळेचं तू मला शिकवू नकोस. आई काहीच बोलली नाही. आई काही बोलली नाही की सावध व्हायचं असतं, हे मला कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी मी दाढी करत असताना आईने स्टूल ओढलं. आज खास दिवस, उशीर व्हायला नको, म्हणून तिने घड्याळ आणखी पाव तास पुढे सरकवलं. कुणाला न सांगता. बाबांनी आंघोळीनंतर नेहमीप्रमाणे, आपलंच मागे पडलं असं समजून, हातातलं घड्याळ भिंतीशी जुळवलं. आणि माझा मोबाइल आईने काढून घेऊन तांदळाच्या डब्यात ठेवला, कारण मागच्या स्थळाच्या वेळी मी सारखा त्यात बघत होतो. "आज मोबाइल कित्याक व्हयो?" म्हणाली, म्हणजे कशाला हवाय.

भिंतीवर साडेचार वाजले तेव्हा आम्ही तिघं कडक इस्त्रीत सोफ्यावर बसलो होतो. पोहे वाफाळत होते, एसी लावलेला होता. ऑक्टोबरचा उकाडा, पण घरात अगदी महाबळेश्वर. माणसं आली नाहीत. पोह्यांची वाफ गेली. बाबा आधी घसा खाकरायला लागले, मग येरझाऱ्या घालायला लागले. कुठला तो टाइम ऑफिसवाला, म्हणाले, साडेचार सांगून पाच वाजत आले. मीही घड्याळाकडे बघत होतो. मी वजाबाकी करत होतो, नाही असं नाही, आणि माझ्या हिशेबानेसुद्धा त्यांना उशीर झाला होता. मला वाईट वाटत होतं. पल्लवी मला वेळ सांभाळ म्हणाली आणि स्वतः आली नाही, असं मनात येऊन गेलं. देवा, माझ्या मनात असंही आलं होतं.

बाबांच्या हातातल्या घड्याळात पाच वाजले. ते उठले आणि त्यांनी एसी बंद केला. त्याच क्षणी बेल वाजली.

दारात तांबेकाका, काकू आणि पल्लवी. काका घामाघूम, पण चेहऱ्यावर समाधान. ते चपला काढता काढता म्हणाले, बरोबर वेळेवर आलो. बाबा हसून, खास पाहुण्यांसाठीच्या गोड आवाजात म्हणाले, "अहो असू द्या, मुंबईत अर्धा तास म्हणजे काय मोठंसं नाही."

काकांची एक चप्पल पायात होती, एक हातात. ते तसेच थांबले.

"कसला अर्धा तास?" त्यांनी विचारलं.

बाबांनी बोटाने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं आणि पुरावा म्हणून वर स्वतःचं मनगटही दाखवलं. ज्या माणसाने हयातभर दुसऱ्यांना लेटमार्क दिला, त्याला माझ्या बापाने उंबरठ्यावर लेटमार्क दिला होता. काकू मध्ये पडल्या, आतमध्ये चला तर आधी. काका आत आले, बसले, पण चप्पल हातातच राहिली होती. ती आईने हळूच काढून घेतली.

पुढची पाच मिनिटं मी कशी काढली ते मला विचारू नका. एसी बंद, सगळ्यांच्या कपाळावर घाम, पोहे गार. आईने पोहे गरम करायला मायक्रोवेव्ह लावला तर बाबांनी आत जाऊन तोही बंद केला, आणि परत येऊन काकांना समजावून सांगितलं की पाचनंतर वीज महाग असते. काका म्हणाले, पाच कुठे वाजलेत? बाबा म्हणाले, तुमच्या घड्याळाचा सेल गेला असेल. मला खिडकीतून उडी मारावीशी वाटत होती, पण चौथा मजला, आणि खाली नेमकी रिक्षांची रांग.

आईने आम्हाला दोघांना बोलायला गॅलरीत पाठवलं. पल्लवीने दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "मंगेश, खरं सांग. किती वाजलेत?"

हा एकच प्रश्न होता. मी फक्त तिलाच उलटा प्रश्न केला असता तरी चाललं असतं. पण मी काचेतून हॉलमधल्या घड्याळाकडे बघितलं, सवयीने पाव तास वजा केला आणि अगदी ठामपणे म्हणालो, "पावणेपाच वाजून गेलेत."

तिने हातातला मोबाइल माझ्यासमोर धरला. साडेचार वाजून गेले होते, पावणेपाच व्हायचे होते. "आणि सांगायच्या आधी तू ओठांतल्या ओठांत काय पुटपुटलास?" तिने विचारलं. मी म्हटलं, वजाबाकी. ती म्हणाली, कसली? मग मी तिला सगळं सांगितलं, एसटीपासून. सांगता सांगता माझं मलाच ऐकू यायला लागलं. तक्रार, टॉर्च, टाइम बोला. मी आत धावलो तर सोफा रिकामा. दोन्ही बाप जिन्याखाली गेले होते. बाबा म्हणाले होते, माझ्यावर विश्वास नसेल तर कंपनीच्या मीटरवर तरी ठेवाल की नाही?

लिफ्ट वर येईना. मी जिन्याने खाली पोचलो तेव्हा बाबा मीटरचं बटण दाबत होते. आकडा आला, तारीख आली, वेळ आली. काकांनी स्वतःचं घड्याळ मीटरशेजारी धरलं, बाबांनी स्वतःचं. तीन घड्याळं आणि तिन्हीत वेगवेगळी वेळ. काकांच्यापेक्षा मीटर पाव तास पुढे, मीटरपेक्षा बाबा पाव तास पुढे.

बाबा गडबडले. "हा मीटर परत मागे पडला रे," मला म्हणाले. "पुन्हा तक्रार टाक."

तेव्हा मला ते सांगावं लागलं. पल्लवीच्या वडिलांसमोर, जिन्याखाली, घामाने भिजलेल्या इस्त्रीत. मी म्हटलं, बाबा, मीटर कधीच मागे नव्हता. आपलं घड्याळ पुढे आहे. आईने लावलंय. एसटी सुटली तेव्हापासून.

बाबांनी मीटरवरचं बोट काढलं नाही. त्यांनी एकदा मनगटाकडे बघितलं, मग म्हणाले, "म्हणजे प्रेसमध्ये मी पहिला पोचायचो, ते..."

मी हो म्हणालो. यार, माझ्या लग्नाचं जे काय व्हायचं ते होतं, पण त्या क्षणी मला बाबांचं इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. अख्ख्या नोकरीचा अभिमान मी त्यांच्याकडून एका हकारात काढून घेतला होता.

काका मात्र चौकशीला बसल्यासारखे उभे होते. मीटरमध्ये ही वेळ कुणी घातली? कंपनीच्या माणसाने. त्याला कुणी सांगितली? बाबा प्रामाणिकपणे म्हणाले, मी. मग बाप असला तरी माणूसच, त्यांनी हळूच माझ्याकडे बोट केलं. "तक्रार ह्याने केली. टॉर्चपण ह्यानेच धरला होता. मोबाइलचा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. चिडले असते तर बरं झालं असतं. ते फार शांतपणे म्हणाले, "आणि तुम्ही बँकेच्या सर्व्हरची वेळ जुळवता."

मीटर लुकलुकत होता.

वर आल्यावर आईने बाबांचा चेहरा बघितला आणि सगळं ओळखलं. रात्री मी तिला विचारलं, मीटर पाव तास मागे म्हटल्यावर तुला तरी कळायला नको होतं का? ती तांदूळ निवडावेत तसं शांतपणे म्हणाली, "माका ठावक होता. पण तेव्हा बोलले असते तर ह्यांनी माझं घड्याळ मागे लावलं असतं ना."

दोन दिवसांनी पल्लवीचा फोन आला. तिचे बाबा नाही म्हणाले. मला वाटलं ती म्हणेल, पण मी त्यांना समजावते. ती म्हणाली, "मी भांडले असते रे. पण खिशात मोबाइल नव्हता म्हणून तू भिंतीकडे बघितलंस, ते ठीक. माझ्या हातात होता, तो तुला दिसत होता. तरी तू मला विचारलं नाहीस. इतक्या खात्रीने चुकलास की मला भीती वाटली." मी सॉरी म्हणालो. तीही सॉरी म्हणाली. मग थोडा वेळ कुणीच फोन ठेवला नाही, आणि मग तिनेच ठेवला.

मीटर दुरुस्तीची तक्रार मी पुन्हा टाकली. या वेळी दुसरा माणूस आला, त्याचं यंत्र नीट चाललं, त्याने कुणाला काही विचारलं नाही. तरी बाबा सवयीने मनगट पुढे करायला गेले आणि अर्ध्यात हात मागे घेतला. आता ते हातात घड्याळ घालत नाहीत. पाच वाजले की नाही हे मला ऑफिसात फोन करून विचारतात, आणि मी सांगितलं की म्हणतात, नक्की ना? भिंतीवरचं घड्याळ आहे तिथेच आहे, पुढेच आहे. त्याला हात लावायची कुणाची छाती नाही.

आईने मात्र हार मानलेली नाही. गेल्या महिन्यात तिने माझा नवा बायोडाटा केला आणि त्यात माझं वय चौतीस टाकलं. घरातली सगळी घड्याळं पुढे ठेवणाऱ्या बाईने आयुष्यात एवढी एकच गोष्ट मागे लावली आहे. आणि बघायला येणारी माणसं माझ्या डोक्याकडे एकदा बघतात, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतात आणि बरोबर दोन वर्षं मिळवून घेतात.